नत्थुजींचं पारणं

सत्काराचं नाव काढल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असतंच, असं सरोजिनीताईंचं मत झालं. आणि ताईंचं एकदा मत झालं की ते बदलणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नसे.

आता तुम्हीच सांगा, उभी हयात एका जागी राबलेल्या माणसाला म्हटलं, "नत्थुजी, अण्णांच्या स्मृतिदिनाला यंदा तुमचा सत्कार करायचा," तर त्यानं काय करावं? हात जोडावेत, डोळे पुसावेत, निदान "अजी, माहा काहून?" एवढं तरी म्हणावं. नत्थुजींनी हातातली मातीची बादली खाली ठेवली आणि विचारलं, "पारणं करा लागन का?"

"म्हणजे काय! सत्कार म्हटला की पारणं आलंच."

"ताई, शाल द्या, नारळ द्या. नुसतं चार शब्द बोलले तरी चालते. पारणं नको."

ताईंच्या कपाळावर आठी उमटली ती तिथेच.

अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्याला ताईंचं निसर्गोपचार केंद्र आहे. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, सुरू केलेलं. माती, पाणी, ऊन, उपास आणि फळांचा रस, एवढ्यावर माणूस उभा करायचा. आवारात गोळी नाही, सुई नाही, चहा नाही. फ्रीजसुद्धा नाही, गार हवं तर माठातलं प्या. आणि सत्काराची रीतही अण्णांचीच: ज्याचा सत्कार, त्यानं तीन दिवस लिंबूपाण्यावर राहायचं आणि समारंभात सगळ्यांसमोर संत्र्याच्या रसानं उपास सोडायचा. अण्णा म्हणत, शाल कपाटात जाते, उपास अंगी लागतो.

अण्णा गेल्यावर ताई त्यांच्या खुर्चीत बसल्या खऱ्या, पण केंद्र चालत होतं नत्थुजींच्या हातावर. तिवस्याकडच्या शेतकऱ्याघरचा हा माणूस. तरणाताठा असताना साखरेचा आजार घेऊन आला, अण्णांनी त्याला मातीत आणि उपासात घातला, साखर उतरली, आणि तो परत गावी गेलाच नाही. मागच्या अंगणातल्या एका खोलीत राहिला. बायको गेली, पोर सासरी गेली, तरी हा मातीखोलीतच. मातीच्या पट्टीसाठी माती चाळायची, भिजवायची, पोटावर थापायची, हे काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंतचे पेशंट फोनवर आधी विचारत, "नत्थुजी आहेत न?" ताई आहेत का, हे कुणी विचारत नसे, आणि ते ताईंना कळत नव्हतं असंही नाही.

शिवाय दर रविवारी नव्या पेशंटांसमोर ताई एक गोष्ट सांगत. गोष्ट नत्थुजींचीच. "हे बघा, यांची साखर नुसत्या मातीनं आणि उपासानं गेली. एक गोळी नाही!" नत्थुजी मागे भिंतीला टेकून, मान खाली घालून उभे. लोक त्यांच्याकडे असे बघत की जणू नवस फेडायला आलेत.

असा माणूस गेला तर मातीखोलीला कुलूप, आणि मातीखोलीला कुलूप म्हणजे केंद्राला कुलूप. ताईंची झोप उडायला एवढं पुरे होतं.

आणि तो जाणार, अशी चिन्हं दिसत होती की नाही? बघा. महिन्यातून दोन गुरुवार नत्थुजी सुट्टी घ्यायचे. "बाळापूरले बयनीकडे जाऊन येतो." जा बाबा. बहीण एकटी आहे, भावानं जायलाच हवं. त्या गुरुवारी मग ताई स्वतः पदर खोचून मातीखोलीत उतरायच्या. मागल्याच महिन्यात वरूडचे संत्र्याचे व्यापारी शालिकराम नवे नवे आले होते, त्यांना ताईंनीच माती लावली, आणि लावता लावता नत्थुजींची गोष्ट सांगितली. शालिकरामजींनी पडल्या पडल्या हात जोडले होते. तर सांगायचं म्हणजे, ताईंनी कधी कुरकुर केली नाही.

आणि सत्काराचं बोलणं झालं त्याच आठवड्यात बाळापूरहून पार्बताबाईंचा, म्हणजे त्या बहिणीचाच, केंद्रात फोन.

"ताई, आमचा दादा बरा हाय न वो? दिवाळीपासून तोंड नाही दाखवलं त्यानं. म्या म्हटलं, बिमार-गिमार त नाही?"

ताईंनी "बरे आहेत, कामात आहेत" असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. दिवाळीपासून! आणि आता फेब्रुवारी चालू. मग हा माणूस दर दुसऱ्या गुरुवारी जातो कुठं?

फोनवर बसणारी त्यांची भाची जुईली म्हणाली, "मावशी, चिडू नकोस. पण बसस्टँडवर मी त्यांना अकोल्याच्या गाडीत चढताना पाहिलंय."

"बाळापूरला अकोल्यावरूनच जावं लागतं."

"हो, पण बाळापूरला गेलेच नाहीत ना ते."

अकोला! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अकोल्यात कोण आहे? केदार आहे. ह्याच केंद्रात शिकला, इथंच ताईंच्या हातचं जेवला, आणि एक दिवस अर्धे पेशंट घेऊन अकोल्याला गेला. आता त्याचं काचेचं वेलनेस सेंटर आहे म्हणे, मातीच्या पट्टीला तिथं इंग्रजी नाव आहे. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि ताईंचं तर तोंड चांगलंच भाजलेलं होतं.

मग काय, संशयाला डोळे फुटले. आजवर ज्या गोष्टी दिसत असून दिसल्या नव्हत्या, त्या आता रांगेनं पुढे आल्या. मातीखोलीत नत्थुजी पेशंटाच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजत आणि ताई दारात आल्या की गप्प होत. काय कुजबुजत असतील? "अकोल्याले या," दुसरं काय! खोलीच्या कोपऱ्यात एक माठ होता, ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरलेला, वर झाकण, झाकणावर दगड. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. एकदा ताईंनीच झाकण उचलायला हात घातला तर हा शांत माणूस केवढ्यानं ओरडला होता, "ताई, थो नका उघडू! त्यात माहं विरजण हाय मातीचं!" मातीला विरजण? अण्णांनी मरताना ह्यालाच काही खास मिश्रण सांगितलं असेल आणि हा ते केदारला नेऊन देत असेल, अशी ताईंची खात्री पटली. सख्ख्या मुलीला सोडून! रागाच्या आत ताईंना रडू येत होतं, पण त्या रडल्या नाहीत.

एके सकाळी कुणाला न सांगता त्यांनी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्यात केदारच्या दारात उभ्या राहिल्या.

केदारनं वाकून नमस्कार केला, ग्रीन टी मागवला. ताईंनी तो शिवलाही नाही.

"नत्थुजी इथं येतात?"

"ताई, आले असते तर मी पायघड्या घातल्या असत्या," केदार हसला. "तीनदा बोलावलं. म्हणाले, अण्णाच्या मातीशी बेइमानी नाही होत मायाकडून."

"मग अकोल्यात येतात कशाला?"

"येतात, हे खरं. गुरुवारी समोरच्या चौकात दोन-तीनदा दिसले. मी हाक मारली की गल्लीत शिरतात. कशाला, ते मला ठाऊक नाही."

ठाऊक नाही म्हणे! चोर चोर मावसभाऊ, असं मनात म्हणत ताई परतल्या. येताना गाडीत त्यांनी ठरवून टाकलं, पारणं होणार म्हणजे होणार. तीन दिवस हा माणूस डोळ्यांसमोर राहील, आणि नेमका गुरुवार त्यातच येईल. बघू या, गुरुवारी कसा पाय निघतो ते. सत्कार करायला निघालेली बाई पहारेकरी झाली होती, पण ते तिला सांगणार कोण?

नत्थुजींना बोलावलं. "अण्णांची रीत मोडायची नाही. बुधवारपासून उपास. शनिवारी पारणं. शालिकरामजी वरूडहून संत्री पाठवणार आहेत, त्यांनाही आपलं केंद्र फार लाभलंय."

नत्थुजी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिले. "ताई, तुमाले एक सांगायचं होतं."

झालं, आता राजीनामा, असं ताईंना वाटलं, आणि तो शब्द ऐकायची त्यांच्यात हिंमत नव्हती. म्हणून त्या फटकन म्हणाल्या, "काय असेल ते पारण्यानंतर. अण्णांचं मीठ खाल्लंय ना? मग एवढं करा."

मीठ काढलं की वऱ्हाडातला माणूस संपला. नत्थुजी म्हणाले, "बरं," आणि गेले.

बुधवार गेला. गुरुवारी ताई सकाळपासून ओसरीत खुर्ची टाकून बसल्या. नत्थुजी कुठंच गेले नाहीत. लिंबूपाणी घेतलं, माती चाळली, पेशंट केले. दुपारकडे मात्र ते दोनदा भिंतीला हात धरून उभे राहिलेले ताईंनी पाहिलं. कपाळावर घाम, आणि हवा तर अजून गारच होती. मनातलं खातंय, खाऊ दे, असं ताई म्हणाल्या. खाई त्याला खवखवे!

मग नत्थुजी इकडेतिकडे बघत मातीखोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं.

ताई चपला न घालता उठल्या. फटीतून पाहिलं. कोपऱ्यातल्या त्या माठाशी नत्थुजी उकिडवे बसलेले, आणि तोंडात गूळ कोंबत होते. कोंबत होते हो, बकाबका, भुकेल्या पोरासारखे!

ताईंनी धाडकन दार उघडलं.

"वा, नत्थुजी! सगळं केंद्र तुमच्या पारण्याची वाट बघतंय आणि तुम्ही गूळ खाताय? सांगा, अजून काय काय चोरलंत? ह्या माठात काय आहे? केदारला काय नेऊन देता? बोला!"

नत्थुजींनी वर पाहिलं. त्यांना ताई दिसत होत्या की नाही कुणास ठाऊक. ओठ हलले, शब्द लटपटले. "सुई... घेतली... रोजच्यासारखी..." आणि ते कलले. त्यांचा हात माठावरच्या दगडाला लागला, झाकण घसरलं, आणि चाळून ठेवलेल्या मातीच्या ढिगावर नत्थुजी आडवे झाले.

ताईंनी माठात पाहिलं. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची दोन पेनं होती. ज्या आवारात फ्रीज नाही, तिथं औषध गार ठेवायला दुसरी जागा कुठली असणार?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अकोल्यापर्यंत जाऊन आलेल्या बाईचं उत्तर तिच्याच मातीखोलीत गळ्यापर्यंत पुरलेलं होतं.

पुढचं ताईंना नीट आठवत नाही. त्या "जुईलीऽऽ!" म्हणून ओरडल्या, एवढं आठवतं. वरूडची संत्री कालच आली होती, पारण्यासाठी. जुईलीनं धावत रस आणला, त्यात मूठभर साखर कालवली. त्या केंद्रात साखर आली कुठून, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. नत्थुजींचं डोकं मांडीवर घेऊन, गिळतायत ना हे बघत बघत, ताईंनी घोट घोट रस पाजला. साडी चिखलानं भरली. समारंभात व्हायचं ते पारणं गुरुवारीच, मातीखोलीच्या जमिनीवर झालं. मग रिक्षा, मग जवळचा दवाखाना.

संध्याकाळी नत्थुजी बोलायला लागले. खाटेशेजारी ताई बसलेल्या, डोळे सुजलेले.

"अण्णाईच्या हातानं साखर खरंच गेली होती, ताई. रविवारी सांगता थी गोठ खोटी नाही तुमची. पण अण्णा गेल्यावर दोनक सालानं परत आली. माती केली, उपास केला, काही हटे ना. डोये अंधुक व्हाले लागले, मंग गेलो अकोल्याले. अमरावतीत डाक्तरच्या दारात मले कोणी पाह्यलं असतं त केंद्राची काय इज्जत राह्यली असती? डाक्तर सुया आपल्या फ्रीजात ठेवते. माठात लय दिवस टिकत नाहीत म्हणे, म्हणून थोड्या थोड्या आणतो."

"आणि उपासात सुई घेतलीत? पूर्ण?"

"डाक्तर म्हणे, सुई चुकवायची नाही. तुमी म्हटलं, उपास मोडायचा नाही. दोघायचाही शब्द पाळला. साखर लयच खाली गेली तवा गूळ खाल्ला, तेवढाच उपास मोडला."

ताईंना हसावं की त्यांच्या थोबाडीत मारावी, हे कळेना. "अहो, मला सांगायचंत ना!"

"आलतो सांगाले. तुमी मीठ काढलं."

ताईंनी अगदी हळू विचारलं. "नत्थुजी, मी दर रविवारी तुमचं नाव घेऊन सांगत राहिले, एक गोळी नाही म्हणून. ते ऐकून किती जणांनी गोळ्या सोडल्या असतील हो?"

"नाही सोडू देल्या," नत्थुजी म्हणाले. "माती लावतानी एकेकाच्या कानात सांगतो मी. माती घ्या, रस घ्या, पण गोळी सोडू नका, डाक्तरले इचारल्याबिगर त नाहीच नाही. तुमी आल्या का गप्प बसतो. तुमच्या तोंडची गोठ तुमच्यासमोर कशी खोडू?"

म्हणजे ती कुजबुज ही होती. ताईंनी पदर तोंडावर घेतला आणि लहान पोरीसारख्या रडल्या. त्यांना स्वतःची जशी लाज वाटली, तशी आजवर कधी वाटली नव्हती.

शनिवारी समारंभ झालाच. अण्णांच्या फोटोला हार घातला. मांडवात जुने-नवे पेशंट, कामकरी बाया, पहिल्या रांगेत शालिकरामजी. नत्थुजींना खुर्चीवर बसवलं. समोर ताट मांडलं, वरण, भाकरी, भाजी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पारण्याला भाकरी?

ताई उठल्या. त्यांनी माईक हातात घेतला.

"दर रविवारी मी तुम्हांला एक गोष्ट सांगते. आज ती पुरी सांगते. नत्थुजींची साखर गेली होती. ती परत आली. गेली काही वर्षं ते इन्सुलिन घेतात. आपल्या आवारात ते लपवून घ्यावं लागलं, कारण ही गोष्ट मी थांबवली नाही आणि त्यांनी मला खाली पाहायला लावलं नाही. परवा त्यांचा जीव जात होता. आज ते सुई घेऊन, सगळ्यांसमोर जेवतील. हाच त्यांचा सत्कार."

मग मागून एक म्हातारी ओरडली, "जेवा नत्थुजी, थंडी होऊन राह्यली भाकर!" आणि सगळे हसले. नत्थुजींनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तसंच जेवत होते.

ताई खाली बसणार होत्या. पण त्यांना राहवेना. "माझं ऐकून कुणी साखरेची, ब्लडप्रेशरची गोळी सोडली असेल, तर हात वर करा. मी रागावणार नाही. मला कळायला हवं."

कुणी हात केला नाही. एक बाई म्हणाली, "नत्थुजींनं सोडूच कुठं देल्या, ताई!" दुसरे दोघं म्हणाले, आम्हालाही त्यांनी सांगितलं होतं. तिसऱ्यानं, चौथ्यानं माना डोलावल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताईंच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्यांनी नत्थुजींकडे पाहून हात जोडले.

तेव्हा पहिल्या रांगेत एक हात हळूच वर झाला.

शालिकरामजींचा. ताईंनी नीट पाहिलं. अंगावरचा सदरा ढगळ झाला होता, गालफडं बसली होती. संत्री पाठवतो म्हणताना फोनवर ते आनंदानं म्हणाले होते, "ताई, लयच बारीक झालो बा मी!" आणि ताईंनी शाबासकी दिली होती.

"म्या सोडल्या साखरेच्या गोळ्या," ते ओशाळं हसत म्हणाले. "त्याच दिवशी सोडल्या. मले नत्थुजी भेटलेच नाहीत ना. तुमीच माती लावली होती."

नत्थुजी ताट सारून उठायला लागले.

"बसा तुम्ही," ताई म्हणाल्या. "ताटावरून उठायचं नाही." त्या खाली उतरल्या, शालिकरामजींच्या दंडाला धरलं, आणि जुईलीला रिक्षा बोलवायला सांगितलं. "चला. यांना मी नेते दवाखान्यात."